दुखरी जागा

सरकारी इस्पितळातल्या कॉटच्या कडेच्या गजाचा रंग एका ठराविक ठिकाणीच उडालेला असतो, पेशंटची मूठ येते तिथे. इतकी वर्षं वॉर्डात शिकवतोय, पण ते नीट दिसलं परवा.

त्या कॉटवर एक हमाल होता. अपेंडिक्स सुजलेलं. आमच्या भाषेत 'चांगली केस'. ऑपरेशनला तासभर अवकाश होता, म्हणून मी विद्यार्थ्यांना बोलावलं. दुखऱ्या जागी बोटं रुतवायची आणि एकदम हात सोडायचा. सोडताना पेशंट कळवळला की निदान पक्कं. आधी मी करून दाखवलं. तो किंचाळला. मग एकामागून एक दहा जणांनी केलं, आणि तो दहाही वेळा किंचाळला. बाजारात कुणी कुणाला असं केलं असतं तर डोकी फुटली असती. आम्ही त्याला शिकवणं म्हणतो. या मुलांचे हात आज शिकले नाहीत तर उद्याचा पेशंट मरेल, हेही खरंच आहे. म्हणून तर आमचा हात कचरत नाही.

शेवटी एक मुलगी उरली. तिने पोटावर हात नुसता ठेवला.

"दाब!" मी खेकसलो.

ती हलेना. तेव्हा तो हमालच, घामाने निथळत, गज आवळून म्हणाला, "दाबा ताई. न्हायतर सर तुमाला वरडत्याल."

मी त्याच्या पोटाकडे पाहिलं. बोटांचे लालभडक वळ उठले होते. त्यातले पहिले माझे होते.