मामाच्या शेताचा रंग

तिला सगळे ‘मातीवाली’ म्हणत. मृद्संधारण खात्यात ती नकाशे करायची. एका ओढ्याला पाणी पुरवणाऱ्या सगळ्या उतारांवर फिरायचं, ढाळ मोजायचा, माती उकरून बघायची आणि कुठली जमीन पावसात वाहून जाईल ते रंगांनी दाखवायचं. हिरवा म्हणजे निर्धास्त, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे नांगर बंद.

त्या वर्षी तिच्या वाट्याला जो ओढा आला, त्याच्या माथ्यावर तिच्या मामाचं शेत होतं. वडील गेल्यावर ती याच मामाकडे वाढली, शिकली. मोजमापं घेऊन ती दुपारी घरी आली, तेव्हा मामीने ताट वाढलेलंच होतं.

हात धुऊन तिने मामाच्या शेतातलं एक ढेकूळ पाण्याच्या पेल्यात सोडलं. चांगली माती पाण्यातही धरून राहते. हे ढेकूळ बघता बघता विरघळलं, पाणी गढूळ झालं. बांधावरच्या झाडांची मुळं उघडी पडलेली तिने सकाळीच पाहिली होती. मामा नांगरही उताराच्या दिशेनेच धरायचा, म्हणजे पाण्याला आयती वाट.

“काय म्हणते माझी माती?” मामाने विचारलं.

तिला सगळं कळून चुकलं होतं. पण समोर वाढलेलं ताट होतं आणि मामा कौतुकाने बघत होता. “बघू,” ती म्हणाली, “अजून हिशेब व्हायचाय.” आणि मान खाली घालून जेवली.

ऑफिसात तिने रंग मात्र प्रामाणिकपणे भरला. लाल. खाली धरण गाळाने भरत चाललं होतं, त्यावर कितीतरी घरांचं पाणी अवलंबून होतं. रंगाबद्दल तिला शंका नव्हती. मामाला आधी कळवायला हवं, हे रोज मनात यायचं आणि रोज ती उद्यावर ढकलायची.

नकाशा गावाच्या सभेत भिंतीवर लावला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. “भाचीने काढलाय. आपलं शेत हिरवंगार असणार, बघाच!” लोक हसले. तो चष्मा सावरत पुढे गेला, ओढ्याच्या रेघेवरून बोट वर वर नेत गेला आणि थांबला. बोट तिथेच राहिलं. कुणीतरी खाकरलं. ती मागच्या खुर्चीत अंग चोरून बसली होती. मामाने वळून तिच्याकडे पाहिलं नाही, हे तिला जास्त लागलं.

नांगर बंद झाला, मामाचं भुईमुगाचं पीक गेलं. शेतात आडवे चर खोदले गेले, गवत लावलं गेलं. मामा शेजारच्या गावात दुसऱ्याच्या शेतावर कामाला जाऊ लागला.

शेवटी ती मामाच्या घरी गेली, तेव्हा मामी एकटीच होती.

“मामी, नकाशा खोटा नव्हता गं.”

“कोण म्हणतंय खोटा होता?” मामी भांडी घासत म्हणाली. “उतारावरची माती जाते, हे त्यालाही ठाऊक होतं. पण तू माझ्या हातचं जेवलीस आणि तोंड शिवून गेलीस. चारचौघांत त्याचं हसं झालं. घरात सांगितलं असतंस तर ओरडला असता, दोन दिवस रुसला असता. एवढंच.”

ती खाली बसून भांडी विसळू लागली.

त्यानंतर ती प्रत्येकाला त्याच्याच बांधावर बसून सांगू लागली, “काका, तुमचं शेत लाल येणार.” शिव्या खाल्ल्या. एकाने कुत्रं अंगावर सोडलं. साहेब म्हणाले, “कशाला विकतचं दुखणं घेताय?” तिने ऐकलं नाही. पण त्याने मन हलकं झालं, असंही नाही. ज्याला आधी सांगायला हवं होतं, तो राहूनच गेला होता.

दोन पावसाळे गेले. ओढ्याचं पाणी निवळ येऊ लागलं, खालच्या गावातल्या लोकांनी तिचा सत्कार ठरवला. ती गेली नाही.

मग एकदा मामाचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. “वरच्या चराला भगदाड पडलंय. पाणी सगळं एकाच जागी धावतंय. तुमच्या खात्यात कुणाला सांगायचं असतं?”

“मी येते ना, मामा.”



“ये,” तो म्हणाला. “पण काय दिसेल ते तिथल्या तिथे सांग.”