आमचं एकुलतं एक गाणं आणि भोंगाअण्णा

गेल्या आठवड्यात मी आमच्या बँडचं गाणं जगभर प्रसिद्ध केलं. म्हणजे करायला गेलो. हल्ली त्यासाठी कुठल्या कंपनीच्या पाया पडावं लागत नाही. एक संकेतस्थळ असतं. तिथं आपण गाणं चढवायचं, एक चित्र लावायचं, की ते लोक ते सगळ्या अ‍ॅपवर नेऊन पोचवतात. मी एका रविवारी सकाळी अंघोळ करून, देवाला नमस्कार करून बसलो. भाषा मराठी. मूड? बराच विचार करून 'हळवा' निवडला. 'तुमचा श्रोता कोण?' या प्रश्नापाशी चहा गार झाला. शेवटी चष्मा पुसून सगळं पुन्हा एकदा तपासलं आणि बटण दाबलं.

फक्त फाइल चुकीची निवडली होती.

त्यामुळे सोलापूरच्या 'भर दुपार' या बँडचं पहिलंवहिलं गाणं म्हणून जगाला जे ऐकू आलं ते असं: आधी रिक्षाची फटफट, मग आमच्या गाण्याची जेमतेम एक ओळ, आणि तिच्यावर चढून एक दणदणीत आवाज, "ऐका हो ऐका, आज नळाला पाणी सकाळी येणार न्हाय!"

तो आवाज भोंगाअण्णांचा.

अण्णांना हळू बोलता येत नसे. लहानपणापासून मागावर काम केलेलं. एका शेडमध्ये इतके यंत्रमाग खडखडत असताना शेजारच्याशी बोलायचं तर ओरडूनच. ती सवय गळ्याला जी चिकटली ती चिकटलीच. पुढं त्यांनी माग सोडला, रिक्षा घेतली, रिक्षाच्या टपावर दोन भोंगे बांधले आणि पुकारा करायला लागले. सर्कस आली, साड्यांचा सेल लागला, कुणाची म्हातारी आई चुकली, सगळं अण्णा सांगायचे. एकदा ते आमच्या घरी आले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बँकवाले, कुणाला सांगू नका, पण तुमच्या समोरच्याच्या पोरीचं लग्न ठरतंय." समोरच्या गॅलरीतून समोरचे म्हणाले, "ठरलं नाही अजून, अण्णा. बोलणी चालू आहेत."

माझी त्यांची ओळख झाली ती चाळिशी उलटल्यावर मला जो बँडचा झटका आला त्यामुळे. आम्ही चौघं. मी बँकेत कारकून, गळा बेताचा पण हौस दांडगी. सिद्धारामचं तेलाचं दुकान, तो ढोलकी आणि ड्रम दोन्ही बडवायचा. बाकीचे दोघे गिटारवर. सिद्धारामच्या दुकानामागच्या गोदामात भिंतींना जुन्या चादरी टांगून आम्ही स्टुडिओ केला होता. दुपारी बाजार झोपतो तेव्हा तालीम, म्हणून नाव 'भर दुपार'. आमचं स्वतःचं म्हणावं असं गाणं एकच होतं, 'दारात ये'. 'ऊन उतरलं, दारात ये, एकदा तरी दारात ये.' शब्द माझे, चाल माझी. कुणासाठी लिहिलं हे बायकोनं कधी विचारलं नाही. "कोण येतंय तुमच्यासाठी दारात?" एवढंच म्हणाली.

हे गाणं मुंबईच्या दोन कंपन्यांना पाठवलं. एकीनं उत्तर दिलं नाही. दुसरीनं दिलं, त्यापेक्षा पहिली बरी. तेव्हा सिद्धाराम म्हणाला, "कंपनी कशाला पाहिजे बे? भोंगाअण्णा हाय की."

आणि खरंच, त्या वेळी सोलापुरात ज्यांना कुणी वाली नव्हता अशा सगळ्या वाजवणाऱ्यांचे वाली अण्णाच होते. अक्कलकोटकडचं कन्नड भजनी मंडळ, सांगोल्याचे गजी ढोलवाले, विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीतली रॅप म्हणणारी पोरं, सगळे त्यांच्याकडे यायचे. अण्णा कुणालाही आधी नाव विचारत नसत. "नाव राहू दे. गाणं वाजव." मग ते गाणं मोबाइलवर घेऊन आपल्या जुन्या कारखान्याच्या दारात जायचे आणि माग चालू असताना आत लावायचे. मागवाल्यानं मान वर करून बघितलं तर गाणं पास. 'दारात ये' लावलं तेव्हा एका मागवाल्यानं मान वर केली. मी हुरळून गेलो. नंतर कळलं, त्याचा धागा तुटला होता. पण अण्णांनी पास केलं ते केलं.

पोस्टरच्या बाबतीतही त्यांचं शास्त्र वेगळं होतं. आम्ही चौकात उंचावर लावणार होतो. "तितं कोण बघतंय? मान दुखती माणसाची," ते म्हणाले. "पिठाच्या गिरणीत लावा, बाकड्यासमोर. दळण होईस्तोवर बाई काय वाचणार? तुमचंच थोबाड वाचणार की." पुढचे पंधरा दिवस आमच्या चेहऱ्यांवर पिठाचा थर होता, आणि बँकेत पेन्शनला आलेल्या बायका मला ओळखायला लागल्या.

पण त्यांची खरी अट तिसरी होती. ज्याचं गाणं, त्यानं पुकाऱ्याच्या फेरीत रिक्षात मागं बसायचं. "तुमचं गाणं लोकांच्या तोंडावर दिसतं. ते बघायला नको व्हय?" मी काळा चष्मा लावून, रुमाल बांधून बसायचो. तरी आमचे मॅनेजर स्कूटरवरून शेजारी आले आणि म्हणाले, "काय हो, नाकाबंदीत सापडलात का?" लोकांच्या तोंडावर फारसं काही दिसत नसे. एक म्हातारा रोज कानावर हात ठेवायचा, तेवढं दिसायचं.

आणि मग अण्णांनी ती युक्ती केली. आमच्या गावात एक पुकारा असा आहे की तो ऐकायला झोपलेला माणूससुद्धा उठतो. पाण्याचा. नळाला रोज पाणी येत नाही, त्यात वेळ बदलली तर ते सांगायला अण्णांची रिक्षा फिरायची. पुकाऱ्याआधी लोकांचं लक्ष जावं म्हणून ते काहीतरी वाजवायचे. त्या उन्हाळ्यात त्यांनी तिथं 'दारात ये' टाकलं. आधी आमची ओळ, 'एकदा तरी दारात ये', आणि लगेच, "ऐका हो ऐका!" दारं धडाधड उघडायची. बायका दारात यायच्या. माझ्या गाण्यानं! हातात घागरी असायच्या, पण यायच्या. मी रुमाल सोडला, चष्मा काढला आणि सरळ हात हलवायला लागलो.

उन्हाळा संपता संपता आमचा पहिला कार्यक्रम ठरला, वाचनालयाच्या पटांगणात, संध्याकाळी. अण्णांच्या कृपेनं पटांगण भरलं. पुढं सगळा महिलावर्ग, बायको तिसऱ्या रांगेत, माहेरच्या माणसांसह. आम्ही इतरांची गाणी म्हटली, टाळ्या बऱ्या पडल्या. मग मी डोळे मिटून गळा काढला, 'ऊन उतरलं, दारात ये…'

डोळे उघडले तर पुढच्या दोन रांगा रिकाम्या. बायका पदर खोचून फाटकाकडं निघालेल्या. "अगं, पाणी आलं वाटतं! चल, चल, टाकी उघडी हाय!" खुर्च्या पडत होत्या. माझी सासूसुद्धा उठली होती. तिच्या घरी बोअर आहे, तरी.

सिद्धारामची ढोलकी थांबली. मी तोंड उघडं टाकून उभा. तेवढ्यात अण्णा मंचावर चढले. माइक बाजूला सारला, त्यांना लागतच नसे, आणि गरजले, "ए बाया! बसा खाली! आज पाणी न्हाय, नुसतं गाणं हाय!"

मग जो हशा उसळला तो आवरेना. बायका परत आल्या, बसल्या, आणि पुढं ते गाणं माझ्यापेक्षा त्यांनीच जास्त म्हटलं. सगळ्यांना पाठ होतं. कुणालाही ते गाणं म्हणून माहीत नव्हतं, एवढंच. परतताना मी जरा खट्टू होतो. अण्णा मात्र खुशीत होते. "कंपनीवाल्यांना म्हणावं, करून दाखवा असं. गाणं लागलं की अख्खी बैठक उठली! कुणाची उठते?" हे ते पुढं प्रत्येक बँडला सांगायचे, आणि दर वेळी उठलेल्या रांगा वाढत जायच्या.

नंतर काळ पालटला. पाण्याची वेळ मोबाइलवर यायला लागली. सेल, सर्कस, सगळं मोबाइलवर. अण्णांचे फेरे कमी झाले. त्याचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं नाही. "मोबाइलला विचार की, आमच्या गल्लीत किती वाजता? बोलतंय का?" म्हणायचे. पण मग घसा बसायला लागला. खडीसाखर, ज्येष्ठमध झालं. शेवटी तपासणी झाली आणि गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, जीव वाचेल, आवाज जाईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा आमच्या गोदामात आले. आम्ही तालीम थांबवली. ते चादरींकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, आणि त्यांचं ते पहिलं हळू बोलणं मी ऐकलं, "सगळ्यांचं केलं. माझं बी एकदा करून घ्या की."

लगेच माइक लावला. अण्णा समोर उभे राहिले, घसा खाकरला, आणि काही बाहेर येईना. "हितं न्हाय जमत. समोर भिंत हाय. रिक्षात बसून, गल्लीतच." मी म्हणालो, "चला मग, आत्ताच चक्कर मारू. पाण्याचाच पुकारा करा."

"पाणी येणार हाय का आज दुपारी?"

"नाही. पण रेकॉर्डिंगपुरतं—"

"ए बँकवाले," अण्णा म्हणाले, "खोटं पाणी न्हाय सांगणार मी. बाया घागरी घेऊन येतील की."

सिद्धारामनं समजावलं, मी समजावलं. सर्कस सांगा म्हटलं, सेल सांगा म्हटलं. ऐकेनात. त्यांना पाणीच सांगायचं होतं आणि खरंच सांगायचं होतं. दवाखान्यात दाखल व्हायचा दिवस जवळ येत चालला आणि पाणी आपलं नेमक्या वेळेला येत राहिलं. उभ्या आयुष्यात पाणीपुरवठा बिघडावा म्हणून मी तेवढ्या दिवसांतच देवाला साकडं घातलं. बायको म्हणाली, "घरात बोलू नका हे. शेजारी ऐकतील."

दाखल व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी सिद्धारामचा फोन आला. "पाइप फुटला बे!" लग्न ठरल्यासारखा आवाज होता त्याचा. पाणी सकाळऐवजी दुपारी येणार होतं. मी बँकेत पोटदुखी कळवली आणि पळालो. रिक्षात मागं बसलो, हातात रेकॉर्डर. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आमची ओळ वाजली आणि त्यांनी माइक उचलला. आवाज फाटलेला होता, पण होता. गल्लीमागून गल्ली. दारं उघडली. एक बाई ओरडली, "अण्णा, नक्की का?" आणि अण्णा म्हणाले, "माझ्या तोंडून कधी खोटं ऐकलंय का, अक्का?" शेवटच्या वळणावर त्यांनी मागं वळून मला विचारलं, "आलं का सगळं?" मी मान हलवली. तो प्रश्नही त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे.

ऑपरेशननंतर अण्णा बरीच वर्षं होते. बोलत नसत. नवा बँड आला की गाणं ऐकायचे, आणि पटलं तर मान वर करून बघायचे. मागवाल्यासारखं. माझं नवं गाणं ऐकताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही, हेही सांगायला हवं. गेल्या पावसाळ्यात ते गेले. अंत्ययात्रेत त्यांची रिक्षा पुढं होती. भोंगे होते, आवाज नव्हता. तरी गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या.

तर ती फाइल. 'दारात ये' याच नावानं मी दोन्ही ठेवल्या होत्या, आणि गेली अण्णांची. सिद्धारामनं फोनवर माझी अक्कल काढली. पुण्याला स्थायिक झालेल्या एका जुन्या शेजाऱ्यानं विचारलं, "मूड हळवा म्हणून लिहिलंय, ते पाण्याबद्दल का?" ते काढून टाकायची सोय संकेतस्थळावर होती. मी खुर्ची ओढून बसलो. काढण्याआधी शेवटचं एकदा, म्हणून आवाज मोठा करून लावलं. फटफट. आमची ओळ. "ऐका हो ऐका!"

न्हाणीघरात नळाखाली बादली सरकवल्याचा आवाज आला. मग नळ सोडल्याचा, मग बंद केल्याचा. बायको हात पुसत दारात येऊन उभी राहिली. 'आलं का सगळं?' इथपर्यंत तिनं ऐकलं. माझं बोट बटणावर होतं.

"काढू नका ते," ती म्हणाली. "तुमचं गाणं काय, तुम्ही उद्याही म्हणाल. आम्ही सोसू."