हरभऱ्याच्या काढणीत दिल्ली

दिल्लीला कधी जावं, असं गेल्या काही महिन्यांत मला निदान दहा जणींनी विचारलं. उत्तर आधीच देऊन टाकते: फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. घाई असेल त्यांनी इथेच थांबावं. हे उत्तर कसं मिळालं ते ज्यांना हवं असेल त्यांनी पुढे वाचावं.

आधी चूक सांगते, कारण ती माझी होती. माझ्या थोरल्या जाऊबाई मोताळ्याजवळच्या एका गावात एकट्याने शेती पाहतात. त्यांना दमा आहे, आणि दिल्ली पाहायची इच्छा लग्नाच्याही आधीपासूनची आहे. दोन वर्षांपूर्वी मी म्हटलं, चला. पण आमच्याकडे घराबाहेर पडायचं ते शेताला विचारून. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी सीतादही असते, म्हणजे शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. तो आपल्या हाताने दाखवल्याशिवाय जाऊबाई हलणार नव्हत्या. पहिली वेचणी झाली की दुसरीपर्यंत दोन-तीन आठवडे मोकळे मिळतात. तेवढ्यात मी तिकिटं बसवली आणि स्वतःवर खूश झाले. शेताच्या दृष्टीने वेळ चोख होती. दिल्लीत मात्र ते दिवाळीनंतरचे, धुराचे दिवस होते. पेपर मी रोज वाचते, त्या धुराच्या बातम्याही वाचल्या होत्या. त्या आपल्यासाठी असतात असं वाटलं नाही, इतकंच.

पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी जाऊबाईंचे ओठ निळसर दिसू लागले. तिथून तीन दिवस दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अम्मा को इस मौसम में कौन लाया?" जाऊबाईंनी तोंडावरचा मास्क न काढता माझ्याकडे बोट केलं. त्यांच्या खाटेवरून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसायची. तेवढी दिल्ली पाहून आम्ही परतलो.

त्यानंतर त्या कुठे जायचं नाव घेईनात. गावातल्या गावात लग्न असलं तरी "मले दम लागते" म्हणून घरी. चार एकर शेती हाकणारी बाई ओसरीवर बसून राहू लागली, हे मला जास्त लागलं.

म्हणून या वेळी महिने मी दिल्लीच्या बाजूने मोजले. पुतण्या म्हणाला, जानेवारीत परेड पाहा. पण तेव्हा धुकं, गाड्या तासन्‌तास उशिरा आणि दम्याला वाईट थंडी. शेजारीण म्हणाली, मे महिन्यात शेताला काही काम नसतं. भट्टीत बसायला दिल्लीपर्यंत कशाला जायचं, मलकापूर पुरे. पावसाळ्यात तिकडे चिकचिक, इकडे निंदण. उरला फेब्रुवारीचा शेवट, आणि तेव्हा आमचा हरभरा काढणीला येतो. जाऊबाईंनी मान हलवून विषय संपवला.

तो पुन्हा उघडला फातेमाबींनी. त्यांचं शेत जाऊबाईंच्या बांधाला लागून. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हरभरा काय एस्टी पकडून पळून चालला का, बाई? मी सोंगून घेते न. तुम्ही जा."

माझ्या दोन अटी होत्या: जाण्याआधी बुलढाण्याच्या डॉक्टरांकडून तपासणी, आणि वाफ घ्यायचं मशीन सोबत. मशीन माझ्या बॅगेत राहील, हेही मीच ठरवलं.

मी चिखलीहून निघाले. बुलढाण्यापुढे राजूर घाट उतरून मोताळा, तिथे जाऊबाई एस्टीत चढल्या. पुढे मलकापूर, मग भुसावळ. दिल्लीकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या भुसावळला मिळतात, आरक्षण दोन महिने आधी करा. खालचा बर्थ मागून घ्या. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, गाडीतलं खावं लागलं नाही.

करोलबागेत मेट्रोजवळ खोली घेतली, दोघींना दिवसाला दीड हजार. पोचल्यावर जाऊबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि हळूच एक श्वास घेऊन पाहिला. मग दुसरा. मी बॅगेत उगाच काहीतरी शोधत राहिले. "पानी दे," एवढंच म्हणाल्या. आकाश अगदी निळं नव्हतं, पण आकाश होतं. सकाळी शाल लागायची, दुपारी ती हातावर.

दुसऱ्या दिवशी हुमायूनची कबर. चौथरा उंच, पायऱ्या चढाच्या आणि अरुंद. मी म्हटलं, खालूनच पाहू. त्या भिंतीला हात लावून चढू लागल्या. चार पायऱ्या, थांबणं, चार पायऱ्या. मी खाली बॅगेची चेन अर्धी उघडून उभी. मग त्या दिसेनाशा झाल्या आणि जरा वेळाने वरून आवाज आला, "सुमन, तिथं काऊन उभी राह्यली? म्हातारी झाली का तू?"

मी वर गेले तेव्हा धाप मला लागली होती.

तिसऱ्या दिवशी राष्ट्रपती भवनाची बाग. ती याच सुमाराला लोकांसाठी उघडते, नाव आधी नोंदवावं लागतं. ट्युलिपपुढे लोक फोटो काढत होते. जाऊबाईंना जास्त आनंद बाहेरच्या रस्त्यावर लाल फुलांनी भरलेली काटेसावर पाहून झाला. दिल्लीत ओळखीचं कोणी भेटावं तशा त्या झाडाखाली थांबल्या. दुपारी गाडीवरचे छोले-कुलचे, चाळीस रुपयांत पोटभर. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, हे आम्हाला दारात कळलं. तुम्हाला आधी सांगितलं. आम्ही मंगळवारी पुन्हा गेलो. त्या दिवशी त्या माझ्यापुढे चालत होत्या.

सहा दिवसांत मशीनची पिशवी उघडली नाही.

परत आलो तर फातेमाबींनी हरभरा सोंगून शेतात त्याची सुडी, म्हणजे गंजी, रचून ठेवली होती. मळणी तेवढी मालकिणीसमोर व्हावी म्हणून थांबवलेली. दुसऱ्याच सकाळी यंत्र आलं. मी अजून तिथेच होते. कुटार, म्हणजे भुसा, उडू लागलं आणि पाच मिनिटांत जाऊबाई खोकत खाली बसल्या. दिल्लीहून कोरं आणलेलं मशीन त्यांच्या घरी, त्यांच्या खाटेवर, मी पहिल्यांदा लावलं. दरवर्षी मळणीनंतर चार दिवस अशाच जातात, हे तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

वाफ संपली, श्वास सावरला. फातेमाबी दारात उभ्या होत्या. जाऊबाईंनी मास्क खाली ओढला.

"येत्या साली मळणी बी तूच करून घेजो."

"हाव. अन्‌ तुम्ही?"

"मी दिल्लीत राहीन. कुतुब पाहाचा राह्यला."

मशीन मी त्यांच्याच कपाटात ठेवून आले. पुढच्या फेब्रुवारीची तिकिटं खुली झाली की मी काढणार आहे, आणि तेव्हा माझ्या बॅगेत त्या पिशवीची जागा रिकामी असेल.