दुसरी मावशी

मंगळवार, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, सकाळी पावणेआठ. हजर: मानांकनाच्या तपासणीला आलेले दोन साहेब, संस्थेचे सचिव, मुख्याध्यापिका, सतरा शिक्षक, शाळेचं कार्यालय सांभाळणारी मी आणि दोन मावश्या.

मावशी खरं तर एकच होती. दुसरी म्हणजे पहिलीच्या वर्गाची बाई होती. मूळची सांगोल्याकडची, आमच्याकडे अकरा वर्षं पहिलीला शिकवत होती, पण डी.एड. नव्हती. तपासणीसाठीच्या शिक्षकांच्या यादीत प्रत्येक नावापुढे पात्रता लागत होती. यादी मी केली आणि तिच्या जागी सचिवांच्या सुनेचं नाव घातलं. सूनबाईंकडे प्रमाणपत्र होतं; शिकवलं मात्र कधी नव्हतं. त्यांना चाळीस पोरं आवरणार नाहीत, म्हणून बाईंना रजा न देता जवळपासच ठेवायचं ठरलं. मावशीची निळी साडी मीच नेऊन दिली.

"म्याडम, पोरं वळकतील की," त्या म्हणाल्या.

"पाणी द्यायचं आणि दारात उभं राहायचं. बुधवारी सकाळी तुमचा वर्ग तुम्हाला."

"नक्की न्हवं?"

"तपासणीच्या वहीत लिहिते." त्यांच्यासमोरच कामांच्या यादीत लिहिलं. काम क्रमांक बेचाळीस: बाईंना वर्ग परत देणे.

सकाळी स्टाफरूममध्ये त्या चहा घेऊन आल्या. खेळाचे सर ओरडले, "ओ मावशी, साखर कमी हां आमच्यात!" सगळे हसले. मीही हसले. त्या परत गेल्या आणि कमी साखरेचा चहा घेऊन आल्या.

तिसऱ्या तासाला साहेब पहिलीत मागच्या बाकावर बसले. सूनबाई फळ्यावर बदक काढत होत्या. बाई पाण्याचा ट्रे घेऊन दारात आल्या.

आमच्या शाळेत बाई दारात आल्या की मुलं उभी राहतात, हात जोडतात. मी सगळ्याची तालीम घेतली होती, नळ गळतो का तेही पाहिलं होतं. हे मात्र यादीत नव्हतं. चाळीसच्या चाळीस मुलं उठली. "नमस्ते बाई!" सूनबाई आल्या तेव्हा निम्मीच उठली होती.

बाईंनी सवयीनं तळवा खाली केला. सगळी एकदम बसली. पुढच्या बाकावरची एक मुलगी वही घेऊन त्यांच्याकडे धावली.

"मी मावशी हाय, बाळा. बाईंना दाव जा."

मुलगी वही पुढे धरून तशीच उभी राहिली. सूनबाईंनी हात धरून तिला जागेवर बसवलं.

मोठे साहेब खूश झाले. "पाणी देणाऱ्या मावशींनाही नमस्ते! असे संस्कार कुठं बघायला मिळतात?" त्यांनी मुलांना पुन्हा उभं करून दारातल्या बाईंसह स्वतः फोटो काढला. संध्याकाळी दिलेल्या अहवालात तो पहिल्या पानावर आला. आम्हाला 'अ' श्रेणी मिळाली, तीन वर्षांसाठी. सचिवांनी सगळ्यांना पेढे वाटले. वाटप मावश्यांनी केलं.

दुसऱ्या दिवशी बाई सव्वासातलाच आल्या. अंगावर स्वतःची साडी, एका हातात खडूंचा डबा, दुसऱ्यात निळ्या साडीची पिशवी.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "फोटो अहवालात गेलाय. आता साहेब कधीही न सांगता येतील. मावशीच फळ्यापुढं दिसली तर?"

"मग मी काय करू?"

"नोकरी जात नाहीये ना तुमची?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपट नीट लावत होते. त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. "धुऊन, इस्त्री करून आणलीया."

"राहू द्या," मी म्हणाले. "तुम्हालाच लागेल."

तो फोटो आता फ्रेम करून प्रवेशद्वाराशी लावलाय. पाणी घेऊन त्या वर्गात गेल्या की पहिलीची मुलं अजून उभी राहतात. सूनबाईंची त्याबद्दल दोनदा तक्रार आली.

तपासणीची वही मी जपून ठेवली आहे. एकेचाळीस कामांवर बरोबरची खूण आहे. बेचाळिसाव्यावर नाही.