हातानं बोलणारं घर

हरिदासच्या दारावरून जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटायचं, आत नवरा-बायकोची जुंपली आहे. हातवारेच तसे. प्रत्यक्षात सत्यभामा बिचारी एवढंच विचारत असायची, की भात वाढू का पोळी?

रेल्वेत असलेल्या बापाचा हा रायपूरचा पोरगा. समुद्र पाहिला तो थेट नौदलात भरती झाल्यावर. त्याला मिळाली क्षेपणास्त्रं वाहणारी एक लहानशी युद्धनौका. मोठ्या जहाजांवरचे लोक तिला चिल्लर समजत, पण अंगावर चार क्षेपणास्त्रं, आणि पळायला लागली की भल्याभल्यांना मागे टाकायची. हरिदास तिला नुसती 'बोट' म्हणायचा. त्याचं काम तिच्या पोटात, इंजिनांपाशी. तिथं कान झाकले तरी आवाज हाडांत शिरायचा, म्हणून माणसं हातानंच बोलत. तेल कमी आहे, गळती आहे, बंद कर, सगळं ठीक, प्रत्येकाची खूण ठरलेली. खोटी खूण कोणी करत नसे. केली तर सगळ्यांच्याच जिवावर बेतायचं.

बोटीनं त्याचे कान घेतले. निवृत्त होऊन रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यात लागला तोवर तो जवळजवळ ठार बहिरा झाला होता. ऐकायचं मशीन घातलं की डोकं उठायचं. मग त्यानं बायकोला त्याच खुणा शिकवल्या. सत्यभामानं त्यांत 'गॅस संपला' आणि 'तुमची बहीण आली' अशी आपली भर घातली. बोटीला मात्र ती सवत म्हणायची.

यंदा ती सवत निवृत्त होणार होती. विशाखापट्टणमला सूर्यास्ताच्या वेळी तिच्यावरचा झेंडा शेवटचा उतरणार, जुन्या खलाशांनी यावं, असं बोलावणं आलं. नेमकी त्याच आठवड्यात सत्यभामाला धाप लागायला लागली. हृदयाचं जुनंच दुखणं, औषधं चालू होती. हरिदासचा पाय निघेना.

"मी नाही जात," तो म्हणाला.

सत्यभामानं मुलीच्या, चेतनाच्या, फोनवर ठळक अक्षरांत लिहायला लावलं, 'सवतीच्या मयतीले जाऊन या. नाही तं जन्मभर मलेच बोलसान.' हरिदास पोट धरून हसला, आणि गेला.

समारंभाच्या दिवशी दुपारी त्यानं गोदीतून व्हिडिओ कॉल लावला. ती उशीला टेकून बसली होती. चेहरा पार उतरलेला.

"कसं वाटून राहिलं तुले? निघून येऊ काय? आताच निघतो, सांग."

तिनं हात वर केला आणि खूण केली, सगळं ठीक. मग तोंड फिरवून चेतनाला काहीतरी म्हणाली. ओठ हललेले हरिदासला दिसले.

"काय म्हणते?"

चेतनानंही तीच खूण केली. हातानं सांगितलेल्यावर हरिदासनं आयुष्यात कधी शंका घेतली नव्हती. तो थांबला. झेंडा खाली आला तेव्हा लहान लेकरासारखा रडला.

परतीच्या गाडीत असतानाच चेतनाचा निरोप आला. सत्यभामा दवाखान्याच्या वाटेवरच गेली होती. राग येतो हो या बाईचा! आणि रागावणार कोणावर?

अंत्यविधीची बुद्धवंदना झाली, पाहुणे पांगले. हरिदासला एकच ध्यास लागला. जेवताना, अंगणात, कपडे वाळत घालताना तो चेतनाला विचारायचा, "तिकडं तोंड करून काय म्हणली होती तुही आई?"

"कुछ नहीं, पापा," ती हात हलवून हिंदीत सांगायची.

तो जेवेनासा झाला. ताट तसंच परत जायचं. शेवटी एका सकाळी चेतनाचा धीर सुटला. तिनं फोनवर लिहिलं आणि त्याच्या हातात दिलं. 'मम्मी बोली थी, मले लय भेव लागून राहिलं चेतना, पण त्यांले नको सांगू.'

हरिदासनं वाचलं. बराच वेळ तो स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला. बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली, जणू काही शोधत होता.

"भेव लागते, याची खूणच नाही आमच्यात," तो म्हणाला. बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात, शेजारच्या घरापर्यंत जाईल असा. "मी तिले ते शिकवलंच नाही."