सिंगापुरातला आपला कावळा

पक्षी बघायला गेलं की पक्षी दिसतात चार आणि किस्से जमतात चाळीस! आमचा डोंबिवली-ठाण्याचा रविवारचा ग्रुप यंदा सिंगापूरला गेलेला. लीडर करमरकर सर, रिटायर्ड शिक्षक. बाळकुमचे पाटीलदादा, कोपरीची केतकी आणि मी.

पहिल्याच दिवशी केतकी नाश्त्याला वैतागून आली. "पहाटेपासून कोकिळा बोंबलतेय! हिच्यासाठी विमानात बसले का मी?"

सर म्हणाले, "कोकिळा नव्हे, कोकीळ. ओरडतो तो नर."

"मग त्याला सांगा, मी सुट्टीवर आहे!"

*

फूडकोर्टात टेबलावर एक पक्षी येऊन बसला. पाटीलदादा म्हणाले, "साळुंकी! आमच्या पत्र्यावर रोज असते."

"नीट बघा," सर म्हणाले. "डोळ्याभोवती पिवळं आहे? नाही ना! ही जावाची साळुंकी."

दादांनी वाकून बघितलं. "म्हणजे आमचीच, पण मेकअप न करता आलेली!"

*

बसस्टॉपमागच्या झाडीत असला रुबाबदार कोंबडा, की आम्ही दोन बस सोडल्या!

सर भारावून म्हणाले, "रानकोंबडा! जगातल्या सगळ्या कोंबड्यांचा पूर्वज!"

पाटीलदादांनी हात जोडले. "माफ करा आजोबा, तुमची बरीच नातवंडं खाल्लीत!"

*

एकदा रस्त्यात आमचे कॅमेरे वर गेलेले बघून सिंगापूरचेच एक काका धावत आले. काय दिसलं, म्हणून विचारलं. सर छाती काढून इंग्रजीत म्हणाले, "कावळा. आमच्याकडचा!"

तिकडे या कावळ्यांचा फार उपद्रव, हे आम्हाला काय माहीत? काका म्हणाले, "तुमचा? बरं झालं भेटलात. घेऊन जा परत!"

*

शेवटच्या दिवशी बागेत गाईडने खेळ घेतला. पाच मिनिटं डोळे मिटायचे आणि किती वेगवेगळे पक्षी बोलतात ते मोजायचं. मी पटकन सरांकडे बघितलं. सरांना हल्ली बारीक आवाज ऐकू येत नाहीत. ते कुणाला सांगत नाहीत, आम्हीही विचारत नाही.

केतकी म्हणाली पाच. मी म्हणाले सहा.

सर ठणकावून म्हणाले, "सात!"

"करेक्ट!" गाईडने टाळ्या वाजवल्या. सरांचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू!

खरं सांगते, मी मध्येच डोळे उघडलेले. सरांच्या मागे पाटीलदादा उभे होते. डोळे घट्ट मिटलेले, आणि नवा आवाज आला की एक बोट सरांच्या पाठीवर हळूच टेकत होतं.

परतताना दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, मना तं चारच आयकू आले. तुमचे कान म्हणजे भारीच हां!"