दोन मोकळे हात

कुंभकोणमच्या शाळेतल्या आमच्या रसायनाच्या टीचर प्रश्न विचारताना कुणाकडेच बघत नसत. हातातल्या खडूकडे बघत विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. मला ते बरं वाटे.

त्या दिवशी शाळेचे मॅनेजर वर्गात मागे येऊन बसले होते. साक्कोट्टैहून येणाऱ्या मुलीशेजारी कुणी बसत नाही, तिच्या हातचं पाणी कुणी पीत नाही, म्हणून तिचं नाव काढून टाकायचं त्यांच्या मनात होतं.

टीचरांनी तिलाच फळ्यापाशी बोलावलं.

"ही ऑक्सिजन. हिला दोन हात. हायड्रोजनला एकेकच. दोघींनी हिचे हात धरले की पाणी झालं. सरी, चला, कोण येतं?"

मुलीने दोन्ही हात पुढे केले.

"अय्यो, आजी मला विहिरीवरच न्हाऊ घालील!" मागून कुणीतरी कुजबुजलं.

मॅनेजर खाकरले. "पुरे, टीचर."

टीचरांनी पुढे होऊन तिचा एक हात धरला. "एक हायड्रोजन आला, सर. पाणी अजून झालं नाही."

मग त्या खडूकडे बघत थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं, तर मी मान खाली घातली असती.

मी उठले.